आई, आधी पूर्ण ऐक, मग ठरव

आई-बाबा,

परवा फोनवर आई "कुत्रं असेल तर मी त्या घरात पाऊल ठेवणार नाही" म्हणाली आणि फोन बाबांच्या हातात दिला, बाबांनी "बघू" म्हणून ठेवून दिला, म्हणून म्हटलं आता लिहूनच काढते. बाबा, आईला मोठ्याने वाचून दाखवा आणि मधलं गाळू नका, तुमची सवय माहितीये मला.

पहिलं म्हणजे मी कुत्रं आणलंय हे दीड महिना तुम्हाला सांगितलं नाही, ते चुकलं. सांगितलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात आणि मला ते ऐकायचं नव्हतं, एवढं साधं आहे.

नाव टायगर. मिक्सर लावला की हा टायगर बाथरूममध्ये जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहतो, म्हणून आमच्याकडे टायग्या. मी खरं तर पिल्लू बघायलाच गेले होते शेल्टरमध्ये, पण पिल्लं काय, कोणीही नेतं, आणि हा मागच्या कोपऱ्यात पाठ करून झोपलेला, उठून बघायलाही आला नाही. दातांवरून नऊ वर्षांचा असेल म्हणाले. लालबागच्या एका चाळीत जिन्यात राहायचा, नसबंदी करून परत आणून सोडला (डाव्या कानाचं टोक कापलंय ना, ती त्याचीच खूण, मारामारीत तुटलेलं नाहीये), मग एका आजोबांच्या खोलीत शिरला तो शिरलाच. आजोबा गेले, चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, मुलाच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये कुत्रं चालत नव्हतं. मुलगा शेल्टरमध्ये सोडताना रडला म्हणे. मला आधी राग आला होता त्याचा, आता तेवढा येत नाही.

"म्हातारं कुत्रं कशाला, दोन-तीन वर्षांत जाईल आणि तू रडत बसशील." आई, हे तू म्हणणारच. रडेन ना. पुढे काय बोलायचं यावर मला सुचत नाही.

आता तुझ्या भीतीचं. लहानपणी तुला कुत्रं चावलं आणि पोटात १४ इंजेक्शनं घेतलीस, ते तू इतक्या वेळा सांगितलंयस की मला स्वतःला टोचल्यासारखं वाटतं. पण ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनवायचे, ती २००४-०५ च्या सुमारासच बंद झाली आपल्याकडे. आता दंडात घेतात, पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या, संपलं. आणि तशी वेळ येईलसं मला वाटत नाही, शिवाय याला रेबीजचं इंजेक्शन दिलंय, दरवर्षी द्यायचं, ते दाखवून पालिकेचं लायसन्सही काढलंय, फ्रिजवर लावून ठेवते, येता-जाता बघ. तुमच्या बेडरूमचं दार बंद ठेवायचं, तो हॉलमध्ये. तू त्याच्याकडे बघू नकोस, हात पुढे करू नकोस, तो तुझ्या वाटेला जाणार नाही. माझ्याच वाटेला आला नव्हता! पहिले तीन दिवस चपलांच्या रॅकमागे बसून होता, मी झोपले की उठून पाणी प्यायचा, अंधारात फक्त लप लप आवाज. शेल्टरवाले म्हणाले होते, तीन दिवस घाबरेल, तीन आठवड्यांत रुळेल, तीन महिन्यांत घर आपलं म्हणेल. तिसऱ्या आठवड्यात सिलेंडरवाल्यावर भुंकला तेव्हा मी ऑफिसच्या ग्रुपवर पेढ्याचा फोटो टाकला.

बाबा, डोळे त्याचेही पांढरट दिसतात, मला वाटलं तुमच्यासारखा मोतीबिंदू. पण डॉक्टर म्हणाले वयाने भिंग नुसतं धुरकट होतं, दिसतं त्याला ठीक. मागचे पाय मात्र आखडतात, संधिवात, पावसात जास्त, त्याची गोळी रोज. ही तपासणी कुठे केली माहितीये का, परळच्या बैलघोडा हॉस्पिटलमध्ये! तुम्ही सेकंड शिफ्ट सुटल्यावर ज्याच्यासमोरून चालत यायचात ना तेच. बाई साकरबाई म्हणजे गिरणीवाल्या दिनशा पेटिटांची बायको, तिचं नाव आहे हे मला तिथे पाटी वाचून कळलं. जायला मुलुंडहून सायनपर्यंत रिक्षा, पुढे टॅक्सी, तीन टॅक्सीवाल्यांनी कुत्रं बघून नाही म्हटलं, चौथा म्हणाला प्लॅस्टिक अंथरा आणि अख्ख्या रस्त्यात याच्याशीच गप्पा मारत होता.

खाण्याचं आई तुला आवडेल, कांदा-लसूण अजिबात चालत नाही, विषच ते कुत्र्यांना. म्हणजे बारा महिने चातुर्मास, फक्त चिकन खाऊन. द्राक्षं आणि चॉकलेट पण नाही, बाबा, तुम्ही गुपचूप काही देऊ नका.

सोसायटीत लिफ्टवरून एकदा झालं. सेक्रेटरी म्हणाले जिन्याने न्या, मी म्हटलं चौथा मजला, त्याचे पाय बघा, आणि ॲनिमल वेल्फेअर बोर्डाचं पत्रक दाखवलं, लिफ्ट वापरू नका असं सांगता येत नाही म्हणून. वर १८३२ चंही ऐकवलं. बाबा, तुम्हाला आवडेल हे, कंपनी सरकारने भटकी कुत्री मारायला काढली तेव्हा फोर्टात पारशी लोकांनी चक्क दंगल केली होती, दुकानं बंद, लष्कर बोलवावं लागलं. सेक्रेटरी म्हणाले, म्हणजे आता तुम्ही दंगल करणार का. लिफ्ट चालू आहे.

गणपतीला मी दोनच दिवस येते, मैत्रीण इथे त्याच्याजवळ राहील, फटाक्यांना घाबरतो तो. गौरी गेल्या की तुम्ही दोघं माझ्याबरोबर निघा, बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मी घेऊन ठेवते.

आणि एक राहिलं. मी पेपर मोबाईलवर वाचते हे तुम्हाला माहितीये. मागच्या महिन्यात शेजारच्या काकांचा पेपर चुकून माझ्याकडे आला, मी सहज उघडला, तर त्या कागदाच्या आवाजाने हा रॅकमागून उठला, लंगडत आला आणि पेपरच्या खाली, माझ्या पायांवर हनुवटी टेकून झोपला. त्या दिवसापर्यंत हात लावू देत नव्हता. दुसऱ्या दिवशी मी पेपर सुरू केला. रोज सकाळी सात वाजता उघडून बसते, वाचत काहीच नाही, ऑफिसची घाई असते. बाबा, तुम्ही आलात की तुम्ही बसा. तुम्हाला जाहिरातींसकट सगळा पेपर वाचायला दीड तास लागतो, त्याला तेवढाच हवाय.

तुमची,
ताई