बाथरूमचं काम काढण्याआधी : सभासदांना सूचना

सर्व सभासदांना नमस्कार,

दिवाळीआधी बाथरूम नवं करून घ्यायचा बऱ्याच घरांत विचार आहे. जरूर करा, फक्त फोडाफोडीआधी सोसायटीला लेखी कळवा आणि खालच्या मजल्यावरच्यांना स्वतः जाऊन सांगा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वॉटरप्रूफिंग. जुनी फरशी उखडताना खालच्या कोब्यालाही (पाणी अडवणाऱ्या थराला) हादरे बसतात. म्हणून वॉटरप्रूफिंगचा नवा थर वाळला की नहाणी ट्रॅपचं (फरशीतलं पाणी जिथून पाइपात जातं त्याचं) तोंड बंद करा, पाणी भरा आणि किमान ४८ तास तसंच राहू द्या. मग खालच्या घरात जाऊन छताला हात लावून बघा. मिस्त्री ‘एक रात्र पुरे’ म्हणाला तरी ऐकू नका. टाइल्स त्यानंतरच. गेल्या पावसाळ्यात आमच्या छतावर ताटाएवढा पिवळा डाग पडला होता. पाणी वरच्या ट्रॅपच्या कडेने झिरपत होतं. वरच्यांना कोरी करकरीत फरशी पुन्हा फोडावी लागली, फार वाईट वाटलं.

बीम-कॉलमला छिन्नी लावू देऊ नका. सिमेंटचं पाणी ट्रॅपमध्ये किंवा कमोडमध्ये ओतू नका, पाइपात गाळ घट्ट बसतो. राडारोडा गोण्यांत भरून त्याच दिवशी खाली न्यावा, जिन्यात ठेवू नये.

– सचिव