धूमकेतूचे छायाचित्र आणि रात्री नऊची वेळ

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात पहिल्या पानावर ‘नागपूरच्या आकाशात धूमकेतूचे विलोभनीय दर्शन’ या मथळ्याखाली छापलेले छायाचित्र नागपूरचे नाही आणि विदर्भातलेही नाही. चित्राच्या खालच्या कडेला उंच सूचिपर्णी वृक्षांची रांग आहे आणि त्यामागे बर्फाने झाकलेला डोंगर आहे. छायाचित्रकाराचे नाव, ठिकाण, तारीख, वेळ यांपैकी काहीही दिलेले नाही. कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘सौजन्य : समाजमाध्यम’ एवढेच छापले आहे. आपल्या दैनिकाची मी अनेक वर्षांची वाचक आहे आणि विज्ञानाच्या बातम्यांना आपण जागा देता याबद्दल मला आदर आहे, म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

माझ्या रागाचे मुख्य कारण मात्र वेगळे आहे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, 21 ऑक्टोबर 2025 रोजी, लेमन धूमकेतू पृथ्वीला सर्वांत जवळ, म्हणजे सुमारे 9 कोटी किलोमीटरवर होता. अमावास्या असल्यामुळे चंद्राचा अडसर नव्हता, पण फटाक्यांच्या धुराने शहरावरचे आकाश इतके मळले होते की स्वातीचा ठळक तारादेखील धड दिसत नव्हता. त्यामुळे आम्ही काही हौशी आकाशनिरीक्षक पाडव्याला दुपारीच निघालो. धूमकेतू पश्चिमेला बराच खाली असल्याने शहराचा उजेड पाठीमागे राहील अशी जागा हवी होती, म्हणून अमरावती रस्त्याने कोंढाळीच्या पुढे जाऊन एका संत्र्याच्या बागेच्या कुंपणापाशी थांबलो. आमच्याबरोबर अकरावीत शिकणारा एक मुलगा होता. त्याने मामाकडून मागून आणलेला कॅमेरा ट्रायपॉडवर चढवला, स्वाती दिसू लागताच तिच्यावर फोकस पक्का केला, रिंग सरकू नये म्हणून तिला चिकटपट्टी लावली आणि 50 मिलिमीटरच्या लेन्सने 6-6 सेकंदांची छायाचित्रे घ्यायला सुरुवात केली. शटर त्याहून फार जास्त वेळ उघडे ठेवले तर पृथ्वीच्या फिरण्यामुळे तारे ठिपक्यांऐवजी रेघा होऊन उमटतात, हे त्याला कोणी सांगावे लागले नाही. घरी आल्यावर त्याने ती सारी छायाचित्रे जुळवून एकावर एक रचली, तेव्हा धूमकेतूचे हिरवट डोके आणि वरच्या बाजूला पसरत गेलेली फिकट शेपटी दिसू लागली. खालच्या कोपऱ्यात बाभळीचा शेंडा आणि विजेची तार आहे. तो आपल्याच भागातला धूमकेतू आहे, हे त्या बाभळीकडे पाहून कोणालाही कळेल.

हे छायाचित्र त्याने ठिकाण, वेळ, लेन्स, एक्स्पोजर अशा सर्व नोंदींसह आपल्या कार्यालयाकडे पाठवले. दुसऱ्या दिवशी त्याने फोन केला, तेव्हा ‘फोटो धूसर आहे, पानावर उठून दिसणार नाही’ असे त्याला सांगण्यात आले. आणि त्यानंतरच्या अंकात ते बर्फाच्या डोंगराचे चित्र नागपूरच्या नावावर छापून आले. खरोखर येथून घेतलेले चित्र परत करायचे आणि येथून न घेतलेल्या चित्राला या शहराचे नाव द्यायचे, हा त्या मुलावर आणि वाचकांवरही अन्याय आहे. धूमकेतू मुळात धूसरच असतो. लेमनची तेजस्विता चौथ्या प्रतीच्या, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या मंद ताऱ्याच्या, आसपास आहे, पण तो प्रकाश एका बिंदूत नसून पसरलेला असल्यामुळे शहरातून नुसत्या डोळ्यांना तो जवळजवळ दिसतच नाही. अंधाऱ्या जागीही थोडी तिरकी नजर केल्यावर पुसट ढगासारखा ठिपका जाणवतो आणि द्विनेत्रीतून (बायनॉक्युलर) पाहिल्यावरच शेपटीची जाणीव होते. आपल्या बातमीने हे सांगायला हवे होते.

छायाचित्राखालची वेळ आणि ठिकाण यांना मी इतके महत्त्व का देते, तेही लिहिते. लेमन 3 जानेवारी 2025 रोजी ॲरिझोनातील माउंट लेमनच्या आकाश-सर्वेक्षणात सापडला, आणि आजकाल बहुतेक नवे धूमकेतू अशाच मोठ्या सर्वेक्षणांना सापडतात. तरीही हौशी निरीक्षकांचे काम संपलेले नाही. याच दिवसांत आकाशात असलेला स्वान धूमकेतू सप्टेंबरमध्ये युक्रेनमधील व्लादिमिर बेझुग्ली या हौशी निरीक्षकाने सूर्याचे निरीक्षण करणाऱ्या सोहो यानाने पाठवलेल्या प्रतिमा तपासताना शोधला. 2019 साली गेनादी बोरिसोव्ह या हौशी निरीक्षकाने स्वतः बनवलेल्या दुर्बिणीतून आंतरतारकीय, म्हणजे आपल्या सूर्यमालेबाहेरून आलेला, धूमकेतू टिपला. आपले खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पू 1949 मध्ये विद्यार्थी असतानाच एका धूमकेतूचे सहशोधक ठरले. शिवाय सौरवाऱ्यामुळे, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या झोतामुळे, धूमकेतूची वायूची शेपटी काही तासांतही बदलते, कधी तुटून वेगळी होते, आणि तो बदल कळतो तो निरनिराळ्या देशांतल्या हौशी मंडळींची छायाचित्रे वेळेनुसार ओळीने लावल्यावर. वेळ न नोंदवलेले चित्र कितीही देखणे असले तरी त्या कामाला उपयोगी पडत नाही. त्या मुलाने कोंढाळीजवळ घेतलेले चित्र उपयोगी पडू शकते.

बातमीतली दुसरी चूक तर अनेक घरांना भोवली. ‘रात्री नऊनंतर गच्चीवरून पाहा’ असे आपण छापले आहे. या आठवड्यात नागपुरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो आणि धूमकेतू आठच्या सुमारासच क्षितिजाखाली जातो. आमच्या इमारतीतले एक आजोबा काल आपली बातमी हातात घेऊन दोन्ही नातवंडांना गच्चीवर घेऊन गेले. साडेनऊपर्यंत थांबून ते खाली आले आणि मला म्हणाले, ‘ताई, तुमचा धूमकेतू काही आला नाही हो.’ नातवंडांची समजूत घालताना त्यांना फार वाईट वाटत होते. एका दूरध्वनीवर कोणत्याही आकाशनिरीक्षकाने ही वेळ आपल्याला अचूक सांगितली असती.

त्या गच्चीवरून योग्य वेळी तरी काय दिसले असते, हाही प्रश्न आहेच. शेजारच्या मैदानावर नुकताच बसवलेला उंच दिव्यांचा खांब जमिनीपेक्षा आकाशच अधिक उजळवतो. त्याविषयी दिलेल्या अर्जाला अजून उत्तर नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे कृत्रिम उजेडापासून राखलेल्या आकाशाचे ठिकाण, म्हणून मान्यता मिळाली आणि त्यासाठी तिथल्या गावांतले रस्त्यावरचे दिवे जमिनीकडे वळवण्यात आले. पेंचमधल्या सिल्लारी गावाला जे जमले ते नागपूरच्या एका मैदानावर जमायला हवे, आणि आपण यावर लिहिलेत तर निदान अर्जाला उत्तर तरी येईल.

सध्या मात्र निकड आहे ती दुरुस्तीची. चंद्र रोज मोठा होत आहे, 29 तारखेला तो अर्धा होईल, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला धूमकेतू संधिप्रकाशात बुडू लागेल. म्हणून पुढच्या एक-दोन अंकांतच, पहिल्या पानावर, ते चित्र नागपूरचे नव्हते असे स्पष्ट छापावे. धूमकेतू पाहण्याची वेळ सायंकाळी पावणेसात ते सव्वासात, दिशा पश्चिम, जागा शहराच्या पश्चिमेला आणि दिव्यांपासून दूर, सोबत द्विनेत्री, एवढे त्याखाली द्यावे. मुलाचे छायाचित्र त्याच्या परवानगीने आणि सर्व नोंदींसह या पत्राबरोबर पुन्हा पाठवत आहे. ते न कापता, बाभळीसकट छापावे, ही विनंती.

आपली,
एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर