येरळवाडीच्या तात्यांना, एका गोणीबद्दल

तात्या, नमस्कार.

तुमचा फोन बटणांचा, त्यामुळं हे पत्र नातच वाचून दाखवणार. तिला सांगा, सावकाश वाच.

पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा भरली होती, त्या आठवड्यात आपली गाठ पडली. पहाटे साताऱ्यातून निघून वडूजमार्गे येरळवाडीच्या तलावावर पोचलो तेव्हा गारठ्यानं बोटं वळत नव्हती. समोर उथळ पाण्यात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. मी कॅमेरा गळ्यात अडकवून सरळ त्यांच्याकडं चालायला लागलो आणि शंभर पावलांत अख्खा थवा उठला. कार्डावर काय आलं? पाठमोरे ठिपके, तेही हललेले. तुम्ही फुगवलेल्या ट्यूबवर बसून जाळं काढत होता. काठाला आलात, माझ्याकडं न बघताच म्हणालात, "पावनं, आत्ताच कुठं खायाला लागली हुती ती." शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

खरं तर मी अगदीच नवखा नव्हतो. हात बसला तो कोकणात. तिथं ओहोटीला चिखल उघडा पडला की तुतवार, चिखले असे चिखलात चरणारे पक्षी धावत येतात. भरतीचं वेळापत्रक बघायचं आणि आधी जाऊन बसायचं. येरळवाडीत हे गणित चालेना. समुद्राला दिवसातून दोनदा ओहोटी, तुमच्या तलावाला वर्षातून एकदाच, दिवाळीपासून पार उन्हाळ्यापर्यंत! पाणी रोज थोडं मागं सरकतं, ओला चिखल सरकतो, त्याच्यामागं लांब पायांचे शेकाटे आणि तुतवार सरकतात. गेल्या रविवारची जागा या रविवारी कोरडी. हे तुम्ही जाळ्याच्या खुंट्यांवरून दाखवलंत.

उजेडाचंही तसंच. दिवाळीत हेरून ठेवलेल्या जागेवरून सूर्य टेकाडाच्या डाव्या बाजूला मोकळा उगवायचा. डिसेंबरात तो दक्षिणेकडं सरकून टेकाडाआड गेला. बाहेर येईपर्यंत धुकं विरलेलं आणि ऊन पांढरंफट्ट. मी लेन्सला दोष देत बसलो होतो (महागडी वस्तू घेतली की माणूस दोषही तिलाच देतो). तुम्ही मला दोनशे पावलं उत्तरेला नेलंत. "हितनं बगा, टेकाड आडवं येत न्हाई. संक्रांत झाली की सूर्य माघारी फिरतोय, मग तुमची जुनी जागा." रोज सकाळी पाण्यावरची तिरीप डोळ्यांत घेऊन जाळं ओढणाऱ्याला पंचांग कशाला लागेल?

आणि मग ती गोणी. खताची रिकामी, तुमच्या सायकलच्या कॅरिअरवरची. कोरडी वाळू निम्मी भरून माझ्यापुढं टाकलीत. ट्रायपॉडवर मी कंबरेइतक्या उंचीवरून पक्ष्यांकडं खाली बघत होतो. गोणीवर लेन्स टेकवून पालथा पडलो, तर पाण्याची रेघ त्यांच्या गुडघ्यांशी आली, आणि त्यांनीही मला चिखलाचा ढेकूळ समजून सोडून दिलं.

जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी सव्वासातला ऊन आलं. तोंडावर उजेड, वर धुकं. अशात कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो आणि चित्र काळपट येतं, म्हणून एक्स्पोजर एक स्टॉप वर चढवलं, म्हणजे उजेड दुप्पट घेतला. रंग जुळवणारा व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढला, नाहीतर कॅमेरा ते सोनं धुऊन टाकतो. रोहितानं मान खाली सोडली, चोच उलटी करून पाणी गाळायला लागला. मान वर आली तेव्हा चोचीच्या वळणावर एक थेंब, आणि त्यात ऊन. मागं पट्टकादंब, हिमालय ओलांडून आलेले रानहंस, कोंबड्यांसारखे काठावर चरत होते. पंधरा-वीस मिनिटांत रंग उतरला. साडेनवाला चिखलावरची हवा थरथरायला लागली, तिथून पुढचे सगळे फोटो मऊ, धूसर. ते पुसून टाकले.

एकही पक्षी उडाला नाही, तात्या. तुम्ही लांबून हात वर केला होता, तो मी पाहिला.

थेंबाच्या फोटोची मोठी प्रत काढून घेतलीय. फ्रेम मुद्दाम केली नाही, तुमच्या भिंतीला ओल येते असं तुम्हीच म्हणाला होता. लॅमिनेट करून आणतो. येत्या रविवारी चहाच्या वेळेला पोचेन. गोणी मात्र परत मागू नका, वाळूसकट गाडीच्या डिकीत आहे आणि तिथंच राहणार.

तुमचा,
साताऱ्याचा पावना