पदकतक्त्यात त्यांचीही ओळ हवी

महोदय,

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये सिंडी एनगाम्बाने मुष्टियुद्धाच्या ७५ किलो गटात कांस्यपदक मिळवले. मुलगी कॅमेरूनमध्ये जन्मलेली, राहते इंग्लंडमधल्या बोल्टनला आणि खेळली निर्वासितांच्या संघाकडून. २०१६ साली रिओत दहा खेळाडूंनिशी उतरलेल्या या संघाचे हे पहिले पदक. स्पर्धा संपल्यावर नेहमीप्रमाणे वहीत चिकटवायला पदकतक्ते कापायला बसलो, तर एका दैनिकात हा संघच नव्हता. दुसऱ्यात तो 'इतर'मध्ये होता. मला फार वाईट वाटले.

ही वही १९९२ पासूनची. तेव्हा मी कराड तालुक्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवत होतो. वर्गातल्या नकाशात सोव्हिएत युनियन अजून एकाच रंगात पसरलेले होते आणि बार्सिलोनाच्या तक्त्यात ४५ सुवर्णांसह सर्वांत वर होती 'युनिफाइड टीम'. एका मुलाने विचारले, "सर, हा देश नकाशात कुठं हाय?" मी म्हणालो, कुठेच नाही. फुटलेल्या देशातली बारा प्रजासत्ताके तेवढ्यापुरती एकत्र आली होती. बेलारूसच्या विताली श्चेर्बोने जिम्नॅस्टिक्समध्ये सहा सुवर्णे जिंकली. वैयक्तिक पाचांना त्याच्या बेलारूसचा झेंडा चढला, सांघिक सुवर्णाला मात्र पाच वर्तुळांचा. एकाच माणसाला दोन झेंडे! त्या तासाला पुस्तक उघडलेच नाही.

मग मी मागचे शोधू लागलो. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमधली ४०० मीटरची शर्यत आपल्याकडे कोण विसरेल? मिल्खा सिंग चौथे आले. दुसरा आलेला कार्ल काउफमन 'जर्मनी'चा होता, पण कुठल्या? पूर्व आणि पश्चिम जर्मनी तेव्हा दोन वेगळी राज्ये होती, तरी १९५६, १९६० आणि १९६४ मध्ये त्यांचा संघ एकच होता. सुवर्ण मिळाले की राष्ट्रगीताऐवजी बीथोव्हेनच्या नवव्या सिंफनीतली धून वाजे. त्याच रोममध्ये ४ बाय ४०० मीटर रिलेत रौप्य या जर्मन संघाला आणि कांस्य वेस्ट इंडीज फेडरेशनच्या, म्हणजे कॅरिबियन बेटांच्या तेव्हाच्या संघराज्याच्या, संघाला मिळाले. ते फेडरेशन १९६२ मध्ये मोडले. म्हणजे विजयमंचावरच्या तीन संघांपैकी एक तेव्हाच्या नकाशात एकच देश म्हणून नव्हता आणि दुसरा आज कुठल्याच नकाशात सापडणार नाही. पदके मात्र कुणी परत घेतलेली नाहीत.

आपल्याला तर हे चांगले कळायला हवे. १९२८, १९३२ आणि १९३६ ची हॉकीची सुवर्णे आपण अभिमानाने आपली म्हणतो, आणि ती आपलीच आहेत. पण तेव्हा आपला देश स्वतंत्र कुठे होता? आमच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्य जिंकले, तेव्हा वर चढायला तिरंगा होता. ध्यानचंदांना तो मिळाला नव्हता. अगदी अलीकडे, फेब्रुवारी २०१४ मध्ये सोचीच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये आपल्या ऑलिम्पिक संघटनेवर निलंबन असल्याने शिवा केशवन ल्यूजच्या, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीच्या, शर्यतीत उतरला तो ऑलिम्पिकच्या झेंड्याखाली. निलंबन उठले ११ तारखेला. त्याची शर्यत तोवर होऊन गेली होती.

माझी विनंती एवढीच, की २०२८ मध्ये लॉस एंजेलिसचा तक्ता छापताना निर्वासितांच्या संघाला त्याच्या नावाची स्वतंत्र ओळ द्यावी आणि तळाला दोन वाक्यांत तो संघ कोणाचा, हे सांगावे. जागा कमी पडली तर शून्य सुवर्णवाल्या देशांचा टाइप थोडा बारीक करा, पण कुणाला गाळू नका. बार्सिलोनापासूनची माझी कात्रणे आपल्या क्रीडा विभागाला उपयोगी पडणार असतील, तर वही घेऊन कार्यालयात यायची माझी तयारी आहे.

— एक निवृत्त भूगोल शिक्षक, कराड