रविवारची मीटिंग : आधी नाले की सुशोभीकरण?

सर्वांना नमस्कार, येत्या रविवारी सकाळी 10 ला खालच्या हॉलमध्ये वॉर्डाच्या बजेटवर बोलायला जमायचंय, प्रत्येक घरातून एक जण तरी याच.

सुशोभीकरण आणि पूर नियंत्रण, पैसे दोन्हीला पुरणार नाहीत. माझं मत सरळ सांगते, आधी नाले. फरसबंदी, काँक्रीट वाढलं की पाणी मुरत नाही, सगळं एकदम गटारात येतं आणि नदीकाठी भिंती घालून पात्र अरुंद केलं की पातळी अजून चढते. पण मोकळ्या मातीची बाग पाणी जिरवते, म्हणून बागेच्या बाजूचे लोकही नक्की बोला.

- पाणी कुठे तुंबतं त्याचे फोटो तारखेसकट आणा
- प्रत्येकी 3 मिनिटं, मध्येच कोणाला तोडायचं नाही
- बजेटबद्दलच्या आपल्या मागणीच्या पत्रावर सह्या तिथेच, नंतर घरोघर फिरवणार नाही