आमच्या पोरांचा रकाना कुठल्याच यादीत नव्हता

महोदय,

महामारीतल्या बेरोजगारीवर आपल्या अंकात आलेला लेख मी दोनदा वाचला. एप्रिल ते जून 2020 मध्ये देशातल्या शहरी बेरोजगारीचा दर 21 टक्क्यांच्या घरात गेला आणि जानेवारी ते मार्च 2021 पर्यंत तो 9 टक्क्यांच्या आसपास उतरला, असं त्यात म्हटलं आहे. आकडे बरोबर आहेत. पण तो मार्च नागपुरात कसा निघाला, हे त्या आकड्यात दिसत नाही, म्हणून हे पत्र.

महाल भागात माझं बिछायत केंद्र आहे, वडिलांपासूनचं. मंडप बांधणारे, लायटिंगवाले, वाढपी, भांडी घासणाऱ्या बाया अशी 22 नावं माझ्या हजेरी वहीत होती. 2020 च्या मार्चात देशच बंद झाला, तेव्हा जे सगळ्यांचं तेच आपलं म्हणून दिवस काढले. दिवाळीनंतर 50 माणसांची का होईना, लग्नं लागू लागली, पोरं परत आली. जानेवारीत मी उंदरांनी कुरतडलेल्या कनाती टाकून नव्या शिवून घेतल्या. आणि 25 फेब्रुवारी 2021 पासून नागपुरातली मंगल कार्यालयं नि लॉन बंद झाले. 15 मार्चला शहरात कडक लॉकडाउन लागला. अमरावती तर आमच्याही आधी बंद झाली होती. राज्यभराचे कडक निर्बंध आले एप्रिलच्या मध्यात. म्हणजे देशाचा दर खाली येत होता, नेमकं तेव्हा आमचं गोडाऊन कुलपात होतं. त्या वर्षीची अक्षय तृतीयाही हातची गेली, लागोपाठ दुसरी.

आमचा सगळ्यात जुना गडी 17 वर्षांपासून बल्ल्या उभ्या करतो. दोरीची गाठ अशी मारतो की वावधनातही मंडप हलत नाही. सीझनात 500 रुपये रोज घेणारा हा माणूस एप्रिलमध्ये माझ्याकडे आला आणि मान खाली घालून म्हणाला, "भाऊ, सामान वाहायचा ठेला पडूनच आहे, मी नेऊ का?" पहाटे कळमन्याच्या बाजारातून सांबार म्हणजे कोथिंबीर, पालक आणायचा नि गल्लोगल्ली विकायचा. कधी 60 रुपये सुटायचे, कधी माल वाळून जायचा. सरकारी पाहणीत आठवड्यातून एक तास काम केलेला माणूसही रोजगार असलेला धरला जातो. त्या हिशेबाने तो एक दिवसही बेरोजगार नव्हता. त्याच्या बायकोने जोडवी मोडली, ती कोणत्या तक्त्यात लिहायची?

त्याच एप्रिलमध्ये राज्य सरकारने नोंदणीकृत बांधकाम कामगार, घरकामगार, परवानाधारक फेरीवाले आणि रिक्षाचालक यांना प्रत्येकी 1500 रुपये जाहीर केले. चांगलंच केलं. पण मंडप बांधणारा यातला कोणीच नाही. बल्ली चढवणारा बांधकाम कामगार ठरत नाही आणि उसन्या ठेल्याला परवाना नसतो. मी दोन कार्यालयांत विचारून आलो, दोन्हीकडे एकच उत्तर मिळालं, "तुमचा रकाना नाही." असंघटित कामगारांसाठीची केंद्राची ई-श्रम नोंदणी सुरू झाली तीही ऑगस्ट 2021 मध्ये, तोवर दुसरी लाट ओसरली होती.

रोजगार हमी ही महाराष्ट्राने देशाला दिलेली गोष्ट आहे. 1977 चा कायदा आपलाच. पण ती हमी मुख्यतः खेड्यांसाठी, शहरातल्या ठिय्यावर उभ्या असलेल्या मजुराला तिचा आधार नाही. राजस्थानने 2022 मध्ये शहरांसाठी अशी योजना सुरू केली. मग आपण का नाही? माझं मागणं एवढंच आहे की बेरोजगारीचा आकडा जिल्हावार आणि दर तिमाहीला छापावा, त्यात कामाच्या तासांबरोबर हाती आलेली मजुरीही विचारावी आणि महापालिकेने हंगामी कामगारांची वॉर्डवार नोंदणी आत्ता, साथ नसतानाच करून ठेवावी.

माझ्या वहीत आता 14 नावं आहेत. बाकीच्या 8 पैकी दोघं हैदराबादला गेली, एक दुसऱ्या लाटेत वारला. उरलेल्या पाचांचे फोन लागत नाहीत.

— एक बिछायत व्यावसायिक, महाल, नागपूर