बापूंच्या प्रश्नाला उत्तर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात माझ्या धाकट्या भावाला बदनापूर तालुक्यातल्या आमच्या गावी मूठमाती दिली. सगळं उरकल्यावर शेजारचे माळकरी बापू जवळ आले. दरवर्षी नाथषष्ठीला ते पायी पैठणला जातात. हळूच म्हणाले, "सर, तुमच्यात एकदा बाप्तिस्मा झाला की मानूस तरला म्हनतेत. मग पुढं कसं बी वागलं तरी चालते का?" प्रश्नात खोच नव्हती, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. त्या वेळी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. बापू तुमचा पेपर रोज वाचतात, म्हणून हे उत्तर इथे लिहितो. आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, लोकांनीही ते वाचावं, अशी माझी कळकळ आहे.

त्या दिवशी कबरीजवळ दोन बोलणी माझ्या कानावर पडली होती. एकजण म्हणाला, "त्याचं तारण १९८६ लाच झालं होतं, काळजी नको." मागून कुणीतरी कुजबुजलं, "दारुड्याचं कसलं आलंय तारण!" तारण म्हणजे आमच्यात पापातून सुटका. मला दोन्ही बोलणी लागली.

१९८६ साली जालन्याला तंबूत भरलेल्या संजीवन सभेत, म्हणजे विश्वास जागवणाऱ्या सभेत, भाऊ पुढे गेला, रडला, साक्ष दिली. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. ते रडणं खोटं होतं असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही. पुढे तो वाळूजला एका कारखान्यात लागला. पाळ्या, खोलीवरचे मित्र, दारू. २००१ पासून उपासनेला येणं बंद झालं, ते अकरा वर्षं. मी तेव्हा पास्टोरेट कमिटीवर, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीवर होतो. माय त्याचा विषय काढायची तेव्हा मी बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय सांगायचो: माझ्या हातातून त्यांना (माझ्या मेंढरांना) कोणी हिसकावून घेणार नाही, असं प्रभू येशूच म्हणतो, तर तू कशाला जीव जाळतेस? वचन खरं होतं, पण मी ते घरी बसून राहण्यासाठी वापरत होतो. अकरा वर्षांत मी त्याच्या खोलीवर दोनदा गेलो. दोन्ही वेळा शहरात शिक्षकांचं काम होतं म्हणून.

माय मात्र महिन्यातल्या एका शनिवारी जायची. बदनापूरहून एसटीने तेव्हाच्या औरंगाबादला, तिथून बाबा पेट्रोल पंपावर दुसरी गाडी बघून वाळूज. पिशवीत भाकरी, ठेचा आणि आमच्या बागेतली चार मोसंबी. तो बहुतेक वेळा दार उघडायचा नाही, नाहीतर "कामून आलीस?" म्हणून पाठ फिरवायचा. मग ती उंबऱ्यावर बसायची, मोसंबी सोलायची, फोडींवरचा पांढरा पापुद्रा नखाने काढायची, स्टीलच्या ताटलीत त्या मांडून पदराने झाकायची. एखादं स्तोत्र म्हणून झालं, की ताटली दाराशी ठेवून परतीची गाडी धरायची. पुढच्या खेपेला कधी ताटलीला मुंग्या लागलेल्या असायच्या, कधी ताटली धुऊन पालथी घातलेली असायची. धुतलेली दिसली की घरी येऊन आधी तेच सांगायची.

मी एकदा चिडून म्हणालो, "देवानं त्याला धरलंय म्हणतेस, मग एवढी पायपीट कशाला?" ती म्हणाली, "धरलंय म्हनूनच जाते ना मी. सोडलं असतं तर कशाला गेले असते?" मी अध्यापक पदविका घेतलेला माणूस, ती चौथी शिकलेली. तारणाची खात्री म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

आता बापूंच्या प्रश्नाबद्दल. नाही बापू, चालत नाही. कोणी मेंढरं हिसकावणार नाही असं सांगणारा प्रभूच मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायात म्हणतो, की जो शेवटपर्यंत टिकून राहील तोच तरेल. आमच्यात यावर फार जुना वाद आहे. १६१८–१९ मध्ये हॉलंडात डॉर्ट इथे भरलेल्या धर्मसभेने ठरवलं, की देव आपल्या माणसांना शेवटपर्यंत राखतो. पुढच्या शतकात मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्लींनी शिकवलं, की माणूस विश्वास सोडून नाश पावू शकतो. या दोन्ही परंपरांची माणसं १९७० साली नागपुरात एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यामुळे आमच्याकडे एकाच बाकावर दोन्ही मतं बसतात. पण खात्री आहे म्हणून कसंही वागा, असं डॉर्टनेही म्हटलं नाही आणि वेस्लींनीही नाही. ती शिकवण आमची आम्ही, आळसाने तयार केली आहे.

शिवाय बाप्तिस्म्याची तारीख म्हणजे तारणाचा सातबारा नव्हे. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, हे आठ वर्षांनी उमगल्याचं त्यांनीच लिहून ठेवलं आहे. मग मात्र त्या मागे हटल्या नाहीत. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी बायबलच्या भाषांतराचं काम त्यांनी १९२२ मध्ये डोळे मिटेपर्यंत धरून ठेवलं. आणि जालन्याजवळचं बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवणारे नारायण शेषाद्री? १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला हा ब्राह्मण तरुण वीस वर्षांनंतरही आमच्या या कोरड्या मुलखात राबत होता.

भाऊ २०१२ च्या शेवटी परत आला. दुष्काळ होता, बागेला टँकरचं पाणी विकत घालत होतो. माय आजारी पडल्यामुळे दोन शनिवार तिला जाता आलं नव्हतं. तिसऱ्या शनिवारी तोच ती ताटली घेऊन दारात उभा राहिला. त्यानंतर तो संत झाला नाही. तीनदा पुन्हा घसरला, तीनदा उठून शेवटच्या बाकावर येऊन बसला. हात थरथरायचे म्हणून प्रभुभोजनाचा पेला दोन्ही हातांनी धरायचा. लिव्हर आधीच गेलं होतं. आपला शिष्य पेत्र याला प्रभू म्हणाला होता, तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. आणि त्याच रात्री पेत्राने त्याला नाकारलं. तरी पेत्र परत फिरला, ती विनंती वाया गेली नाही. माझ्या भावासाठी केलेलीही गेली नाही, असा माझा विश्वास आहे. ही खात्री मला १९८६ च्या तंबूपेक्षा त्या शेवटच्या बाकावरून जास्त मिळते.

माझी तक्रार आमच्याच मंडळ्यांकडे आहे, आणि तीत मी पहिला दोषी. बाप्तिस्म्याच्या दिवशी आपण हार घालतो, जेवण देतो, रजिस्टरात नाव चढवतो. पोरगं वाळूजला किंवा चाकणला गेलं की त्याच्या खोलीवर कोण जातं? टिकून राहा असं लेकरांना सांगायचं आणि त्यांना एकटं सोडायचं, हे बरोबर नाही. बायबलातल्या इब्री लोकांस पत्रात तर एकमेकांना रोज बोध करा असं लिहिलं आहे. पाळकसाहेबांनी आणि कमिट्यांनी आपापलं रजिस्टर उघडावं, बाहेरगावी गेलेल्यांची नावं काढावीत आणि एकेक नाव एकेका घराला वाटून द्यावं. पैसा लागत नाही, एसटीचं तिकीट लागतं.

आमच्या रजिस्टरात मला अशी सात नावं सापडली. दोघांचा पत्ता लागला आहे, दोघेही वाळूजला. शनिवारी सकाळच्या गाडीने निघणार आहे. काल बापूंना हे सांगितलं तर म्हणाले, "मी बी येतो सर, माझा पुतन्या बी तिकडंच असते."

आपला,
एक सेवानिवृत्त जिल्हा परिषद शिक्षक,
ता. बदनापूर, जि. जालना